‘मानवयुग’ : पण कोणत्या मानवाचे?

(अधारताल, जबलपूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



अधारताल या वस्तीला ज्या तलावावरून नाव मिळाले, तो तलाव सोळाव्या शतकात राणी दुर्गावतीचे मंत्री आधारसिंह यांनी बांधविला, असे परंपरा सांगते. त्याच जबलपूरनजीक नर्मदेवर बरगीचे धरण उभे आहे. त्याचा जलाशय १९९० मध्ये भरला आणि जबलपूर, मंडला व सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोहोचली. दोन्ही ठिकाणी पाणी माणसानेच अडविले. परंतु धरणाचा निर्णय घेणारे सत्ताधारी आणि त्या पाण्यात जमीन गमावलेला आदिवासी शेतकरी या दोघांनाही ‘मानव’ या एकाच शब्दात बसविले, तर सत्य उघड होते की झाकले जाते? भूशास्त्रातील एका मोठ्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

पृथ्वी होलोसीन कालखंड ओलांडून ‘मानवयुगात’, म्हणजेच अँथ्रोपोसीनमध्ये, शिरली आहे, असे पॉल क्रुट्झेन व यूजीन स्टोर्मर यांनी २००० मध्ये प्रतिपादन केले. या युगाचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या मध्यास मानावा, असा प्रस्ताव पुढे आला. कॅनडातील क्रॉफर्ड सरोवराच्या गाळात सापडलेले अणुचाचण्यांचे प्लुटोनियम हा त्याचा पुरावा होता. मार्च २०२४ मध्ये भूस्तरशास्त्रज्ञांच्या संबंधित समितीने हा प्रस्ताव १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. शेती व जंगलतोड हजारो वर्षांची असताना अवघ्या सात दशकांना युग कसे म्हणावे, हा विरोधकांचा आक्षेप होता. ज्या जबलपुरात १८२८ मध्ये स्लीमन यांना डायनोसॉरची हाडे सापडली, तेथील श्रोत्यांना भूशास्त्रीय काळाचे माप वेगळे सांगावयास नको.

मात्र या निकालाने हवामानबदल खोटा ठरत नाही. फेटाळली गेली ती कालगणनेतील एक रेषा.

खरा वाद नावाचा आहे. ब्रिटनमधील कापडगिरण्यांनी जलशक्ती स्वस्त असतानाही वाफेचे इंजिन स्वीकारले, कारण त्यामुळे शहरांतील मजुरांवर हुकमत ठेवणे सुलभ झाले, असे आंद्रेआस माल्म यांनी दाखविले आहे. हा निर्णय मानवजातीने नव्हे, गिरणीमालकांनी घेतला. म्हणूनच जेसन मूर प्रभृती अभ्यासक ‘भांडवलयुग’ ही संज्ञा सुचवितात. आजवर हवेत सोडलेल्या खनिज इंधनाच्या कर्बवायूपैकी सुमारे एक-चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा चार टक्क्यांच्या आत आहे.

परंतु संज्ञा बदलली म्हणजे विश्लेषण पुरे झाले, असे नव्हे. कापसासाठी नद्या वळवून अरल समुद्र आटविला तो सोव्हिएत नियोजनाने. उत्पादनाचा आकडा हेच सर्वस्व झाले आणि नदीकाठच्या जनतेला निर्णयात स्थान उरले नाही, तर मालकी बदलूनही निसर्गाची हानी टळत नाही, हा धडा इतिहासाने दिलेला आहे.

म्हणून प्रत्येक धरणाच्या, खाणीच्या आणि कारखान्याच्या बाबतीत निर्णय कोणी घेतला, लाभ कोणास झाला आणि किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न श्रमिक जनतेने विचारले पाहिजेत. कर्बवायू कमी करण्याचा भार उद्या ‘सर्व मानवांवर’ सारखा टाकला जाईल, तेव्हा बरगीच्या विस्थापितालाही त्यात हिस्सेदार धरले जाईल. ही वाटणी न्याय्य नाही, हे ठामपणे सांगण्याची वेळ आताच आहे.