एकदाच मिळणारी संधी
(कोल्हापूर येथे सहायकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कोल्हापूरकरांना फुटबॉल सांगायला मी उभा नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात. इथल्या पोरामागे तालीम उभी असते. आपल्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलामागे कोण उभे आहे, एवढेच मला विचारायचे आहे.

नागपूरचे विजय बारसे सर आपल्याला २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ठाऊक झाले. ते हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. १८८३ चे हे कॉलेज रेव्ह. स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाने आहे. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, गोंड लोकांविषयी माहिती टिपत राहिले आणि १८६३ मध्ये पुरात बुडून वारले. त्यांची टिपणे मागाहून, १८६६ मध्ये छापली गेली. थोडे विषयांतर झाले, पण आदिवासींत काम करणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

बारसे सरांना एकदा भर पावसात झोपडपट्टीतली मुले फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. सरांनी त्यांना चेंडू दिला. २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, तर १२८ संघ आले!

त्याच कामातून अखिलेश पॉल पुढे आले. वाईट वाटेवरून आपण कसे परतलो, हे त्यांनी २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात स्वतःच सांगितले. २०१० च्या रिओ इथल्या बेघरांच्या विश्वचषकात ते भारताचे कर्णधार होते. एका बाजूला चारच खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव, असा तो खेळ. त्यात आणखी एक नियम आहे: कोणत्याही खेळाडूला तिथे आयुष्यात एकदाच खेळता येते. विमानातून उतरले की पुन्हा आपली वस्ती. मग पुढे काय? अखिलेश प्रशिक्षक झाले, वस्तीतल्या मुलांना शिकवू लागले. मला तर हे कर्णधारपदाहून मोठे वाटते.

काही जण म्हणतात, देणगी वह्या-पुस्तकांसाठी, चेंडूसाठी नाही. डोंगरातून पहिल्यांदाच वसतिगृहात आलेले मूल पंधरा दिवसांत पळून गेले, तर त्या वह्या कोण वापरणार? संध्याकाळी खेळ असला की मूल रमते, हे कोणत्याही गृहपालांना विचारा. आणखी एक विनंती: उपासनेला आला तरच चेंडू, अशी अट घालू नका. मुलांना आमिष लगेच ओळखू येते.

यंदा गणवेश, चषक, नावाचे फलक नकोत. कॉलेजात चांगला खेळणारा, आपल्याच वसतिगृहात वाढलेला एखादा मुलगा प्रशिक्षक म्हणून नेमू या आणि त्याला वर्षभर दरमहा मानधन देऊ या. मुलींचाही संघ हवा. आणि यादीत चेंडू तीन लिहा. आपले मैदान खडकाळ आहे, एक चेंडू पावसाळाभरसुद्धा टिकत नाही.