वाफेच्या गाडींतील तिसऱ्या प्रहरचा चहा

विस्तवावर ठेवलेलें पाणी हें चहाचें मूळ. आणि आगगाडीचेंहि मूळ तेंच. इंजिनांत त्या पाण्याची वाफ कोंडून तिच्याकडून शेंकडों मणांचें ओझें ओढून घेतलें जातें. किटलींत तेंच पाणी मूठभर पानांवर ओतून माणसाचा शीण उतरविला जातो. हीं दोन्ही कामें एकाच गाडींत, एकाच वेळीं चाललेलीं पाहावयाचीं असतील, तर इंग्लंडांतील जतन केलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर जावें आणि तिसऱ्या प्रहरच्या चहाच्या गाडींत बसावें. पुढें वाफेचें इंजिन, मागें जुन्या बनावटीचे डबे, मेजांवर स्वच्छ पांढरीं आच्छादनें आणि खिडकीबाहेर मंद गतीनें मागें सरणारीं शेतें, असा तो थाट असतो. वरवर पाहणाऱ्यास हा सुखवस्तु लोकांचा एक चोचला वाटेल. परंतु त्या पेल्यामागें केवढा इतिहास आणि किती लोकांचे विनामूल्य श्रम उभे आहेत, हें ध्यानांत आलें, म्हणजे त्या चहाची गोडी निराळीच लागते.

आगगाडींतील खाण्यापिण्याची सोय आगगाडीबरोबर जन्मास आली नाहीं. आरंभींच्या गाड्यांत एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत जाण्यास वाट नसे; ज्या खणांत उतारू एकदां बसला, त्यांतून पुढलें स्टेशन येईपर्यंत त्याची सुटका नसे. भूक लागल्यास स्टेशनावर उतरावें, घाईघाईनें कांहींतरी तोंडांत टाकावें आणि शिटी होतांच धांवत सुटावें, हाच परिपाठ होता. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या स्विंडन स्टेशनाची गोष्ट या बाबतींत प्रसिद्ध आहे. तेथील उपाहारगृह कंपनीनें दीर्घ मुदतीच्या करारानें ठेकेदारांस दिलें होतें आणि उतारूंच्या नेहमींच्या गाड्या तेथें दहा मिनिटें उभ्या करण्याचें बंधन स्वतःवर घालून घेतलें होतें. गाडी थांबणारच आणि उतारू येणारच, अशी खात्री असल्यावर ठेकेदारानें पदार्थांच्या चवीची चिंता कां वाहावी? त्या रेल्वेचा नामांकित इंजिनीयर ब्रुनेल यालासुद्धां तेथील कॉफीबद्दल खोंचक पत्र लिहावें लागलें. अखेर 1895 सालीं एक लाख पौंड मोजून कंपनीनें तो करार सोडवून घेतला, तेव्हां कोठें त्या दहा मिनिटांच्या सक्तींतून गाड्या मोकळ्या झाल्या.

तत्पूर्वींच या अडचणीला दुसरीकडे तोड निघूं लागली होती. जॉर्ज पुलमन या अमेरिकन गृहस्थाचे सुखसोयींनीं युक्त डबे 1874 पासून इंग्लंडांत धांवूं लागले होते. आणि 1879 सालीं लंडन व लीड्स या शहरांच्या दरम्यान, ज्यांत चुलीवर अन्न शिजवून मेजावर वाढलें जाई, असा डबा ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनें सुरू केला. ज्यांना तें सुख मिळत नसे, त्यांच्यासाठीं स्टेशनावर वेताच्या टोपलींत चहाचें सर्व सामान घालून ती टोपली खिडकींतून आंत दिली जाई आणि रिकामी झाल्यावर पुढील एखाद्या स्टेशनावर परत घेतली जाई.

दुपारच्या चहाची चालहि याच शतकांतली. 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनीं दुपारचें जेवण आणि रात्रीचें जेवण यांमधील लांबलचक पोकळी चहा व पाव-लोण्यानें भरून काढण्याचा प्रघात पाडला, असें सांगतात. आसामचा चहा लंडनच्या बाजारांत प्रथम विकला गेला तो 1839 सालीं. म्हणजे ही चाल, हिंदुस्थानचा चहा आणि आगगाडी हीं तिन्ही इंग्रजांच्या घरांत जवळजवळ बरोबरीनेंच शिरलीं.

परंतु आजची चहाची गाडी ही त्या वैभवाची सरळ वारस नव्हे. मध्यें एक मरण येऊन गेलें आहे. ससेक्स परगण्यांत लुइस आणि ईस्ट ग्रिन्स्टेड या गांवांना जोडणारा एक रेल्वेमार्ग 1882 सालीं सुरू झाला. रानांतून व कुरणांतून जाणाऱ्या या मार्गावर उतारूंची रीघ अशी कधीं नव्हतीच. 1955 सालीं तो तोट्याचा ठरवून बंद करण्यांत आला. तेव्हां मॅज बेसिमर नांवाच्या तेथील रहिवासी बाईंनीं या मार्गाचे जुने कायदे उघडून पाहिले. आणि त्यावर रोज चार गाड्या चालविल्याच पाहिजेत, असें कलम त्यांना सांपडलें! सरकारी रेल्वेला 1956 सालीं निमूटपणें गाड्या पुन्हां सुरू कराव्या लागल्या. त्या कोणाच्याच सोयीच्या नसलेल्या वेळीं सुटत आणि कांहीं स्टेशनांवर थांबतहि नसत. म्हणून लोक त्यांना थट्टेनें ‘रुसलेल्या गाड्या’ म्हणूं लागले. पुढें पार्लमेंटकडून तें कलमच रद्द करवून मार्च 1958 मध्यें मार्ग पुनश्च बंद झाला.

येथें कायदा संपला आणि हौसेचें राज्य सुरू झालें. वेल्समधील टॅलिलिनचा अरुंद रेल्वेमार्ग 1951 पासून हौशी मंडळी स्वतः चालवीत होती. तोच कित्ता पुढें ठेवून 1959 सालीं कांहीं तरुण विद्यार्थी व रेल्वेवर जीव असलेले इतर गृहस्थ यांनीं ससेक्समध्यें संस्था काढली. 1875 सालीं बांधलेलें ‘स्टेप्नी’ नांवाचें चिमुकलें इंजिन त्यांनीं विकत घेतलें आणि 7 ऑगस्ट 1960 रोजीं त्यांची गाडी सुरू झाली. वसंत ऋतूंत या मार्गालगतच्या रानांत निळीं घंटाकृति फुलें फुलतात, म्हणून मार्गाचें नांव पडलें ‘ब्लूबेल रेल्वे’. मार्ग ओसाड पडला असतां उत्तरेकडील एक खोल खिंड गांवच्या केरकचऱ्यानें भरून टाकण्यांत आली होती. त्यांतील पुष्कळसा कचरा उपसून, तो गाड्यांत घालून रेल्वेनेंच वाहून नेण्यांत आला. आणि 2013 सालीं या हौशी लोकांची गाडी पुन्हां ईस्ट ग्रिन्स्टेडला पोंचली. मार्गाची लांबी अवघी अकरा मैल; पण ती गांठावयास 53 वर्षें लागलीं.

या मार्गावरील पुलमन डब्यांत चहा घेण्याचा सोहळा पाहण्यासारखा असतो. मेजावर छोटासा दिवा, चिनी मातीची किटली, दुधाचें भांडें आणि तीन मजली तबक. काकडीच्या पातळ चकत्या घातलेले पावाचे तुकडे प्रथम संपवावयाचे; मग ‘स्कोन’ नांवाचा मऊसर, उबदार पाव मधोमध फोडून त्यावर घट्ट साय व मुरंबा लावावयाचा; आणि केक शेवटीं. स्कोनवर आधीं साय लावावी कीं आधीं मुरंबा, याबद्दल डेव्हन व कॉर्नवॉल या दोन परगण्यांत हाडवैर आहे. डेव्हनचे लोक आधीं साय लावतात, कॉर्नवॉलचे आधीं मुरंबा. चालत्या गाडींत वाढणाऱ्याचें कौशल्य निराळेंच. पेला कांठोकांठ भरावयाचा नाहीं, वळणाचा झोंक ओळखून किटली कलती करावयाची, आणि रुळांच्या सांध्यांवरून चाकें खडखडतांना पाय किंचित् फांकवून उभें राहावयाचें. गाडीची गतिहि अशा सोहळ्याला साजेशी असते. या जातीच्या मार्गांवर तासाला 25 मैलांहून अधिक वेगाची सामान्यतः मुभाच नाहीं. पूर्वीं आगगाडी धांवे ती वेळ वांचविण्यासाठीं. ही धांवते ती वेळ घालविण्यासाठीं.

प्रवाशाला मिळणाऱ्या या स्वस्थतेची किंमत दुसरें कोणी तरी मोजीत असतें. थंडगार बॉयलर एकदम तापविला, तर लोखंड विषम प्रसरण पावून त्याला इजा पोंचते. म्हणून गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधीं आगवाल्याला भट्टी चेतवावी लागते. आदल्या दिवशींची राख काढणें, सांध्यासांध्यांत तेल घालणें, पितळ घांसणें, हीं कामें करणारांत बरेच जण एरव्हीं कारकून, शिक्षक किंवा पेन्शनर असतात आणि त्यांना पगार नसतो. मात्र त्यांच्या उत्साहावर सगळें भागत नाहीं. साधारण दहा वर्षांनीं इंजिन पूर्ण उकलून बॉयलरची दुरुस्ती करावीच लागते आणि तिला पैसा लागतो तो रग्गड. तो उभा करण्यांत या चहाच्या गाड्यांचा मोठा हातभार असतो. किटली इंजिनाला पोसते, असें म्हटलें तरी चालेल.

पुढील काळ सोपा नाहीं. ब्रिटिश रेल्वेनें मुख्य मार्गांवरील वाफेचीं इंजिनें ऑगस्ट 1968 मध्यें निवृत्त केलीं, तेव्हां कोळशाला तोटा नव्हता. दक्षिण वेल्समधील फॉस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण नोव्हेंबर 2023 मध्यें बंद पडली. आतां या गाड्यांना परदेशचा महाग कोळसा किंवा कोळशाच्या भुकटीच्या बनविलेल्या वड्या यांवर भिस्त ठेवावी लागते. आणि धुराविषयींचा लोकांचा आक्षेपहि खोटा नाहीं. त्यांत जुने जाणते आगवाले म्हातारे होत चालले. भट्टींत फावडें नेमकें कोठें रितें करावें, हें पुस्तकांत वाचून येत नाहीं. तें जाणत्याच्या शेजारीं उभें राहूनच शिकावें लागतें. इंजिन काचेच्या दालनांत ठेवून टिकेल. ही विद्या मात्र गाडी चालती राहिली, तरच टिकेल.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस या आनंदाची थोडी ओळख आहेच. 1 जून 1930 रोजीं सुरू झालेल्या ‘डेक्कन क्वीन’ला वाफेचा स्पर्श नसला, तरी तिच्या भोजनाच्या डब्यांत मेजाशीं बसून, घाट न्याहाळीत चहा घेण्याची रीत अजून चालू आहे. तो डबा रिकामा धांवूं लागला, तर हिशेबाच्या वहींत तोटा म्हणून त्याची नोंद होण्यास उशीर लागणार नाहीं. ससेक्सच्या मार्गाचेंहि तसेंच झालें होतें. वहीचा हिशेब कांहीं चुकीचा नव्हता. तेथील लोकांनीं त्यांत आपल्या श्रमांची रक्कम जमेच्या बाजूस मांडली, एवढेंच. म्हणून आज तेथें तिसऱ्या प्रहरीं शिटी होते, किटली कलते आणि पेल्यांतील चहा चाकांच्या तालावर हलकेच डुलूं लागतो.