लहरींना कुंपण नसते
(एका अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘नियमन’ हा शब्द उच्चारताच सभागृहातील निम्मे श्रोते घड्याळाकडे पाहू लागतात, याची मला कल्पना आहे. तरीही आज या रूक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलावेसे वाटले, त्याचे कारण आपल्या शेजारी, नेपाळात घडले. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील सरकारने फेसबुक, यूट्यूब, एक्स यांसह २६ समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश दिला. नोंदणी करा, आमच्या देशात उत्तरदायी प्रतिनिधी नेमा, असे सांगूनही या बलाढ्य कंपन्यांनी मुदतीत दाद दिली नव्हती. टिकटॉक, व्हायबर अशा मोजक्यांनीच नोंदणी केली होती. मूळ मागणी गैर नव्हती. भारतानेही २०२१च्या नियमांत मोठ्या समाजमाध्यमांना तक्रार निवारण अधिकारी याच देशात नेमण्याची अट घातलेली आहे. पण योजलेला उपाय कंपनीला झोंबण्याऐवजी नागरिकालाच झोंबला. भ्रष्टाचाराविरुद्ध धुमसणारा तरुणांचा असंतोष त्याने पेटला. ८ सप्टेंबरला एका दिवसात किमान १९ जणांचे प्राण गेले. बंदी उठवावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला.

या घटनेमागे अंतर्गत कारणे पुष्कळ होती. तथापि एक प्रश्न आपल्याही कामाचा आहे. तीन कोटी लोकसंख्येच्या देशाला जागतिक कंपनी जुमानत नसेल, तर त्याच्यापुढे मार्ग दोनच उरतात काय: मुकाट्याने सोसणे किंवा सरसकट बंदी?

थोडे मागे जाऊ. ‘कन्व्हर्जन्स’ या संज्ञेला मराठीत आपण अभिसरण म्हणतो. (रक्ताभिसरण आपल्या अधिक परिचयाचे, पण तूर्त हाच शब्द चालवून घेऊ.) पूर्वी दूरध्वनीची तार वेगळी, आकाशवाणीच्या लहरी वेगळ्या, वृत्तपत्राचा कागद वेगळा होता. म्हणून कायदेही वेगळे झाले: तारेसाठी १८८५चा भारतीय तार अधिनियम, केबलसाठी १९९५चा कायदा. आज बोलणे, बातमी आणि चित्रपट एकाच भ्रमणध्वनीत येऊन बसले आहेत. तोच चित्रपट चित्रपटगृहात दाखवायचा तर प्रमाणन मंडळ, केबलवर दाखवायचा तर केबल कायदा, भ्रमणध्वनीवर दाखवायचा तर माहिती तंत्रज्ञानाचे नियम. वस्तू एक, दरवाजे तीन.

हे आपल्या राज्यकर्त्यांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. १९९५ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगून त्यांच्या नियमनासाठी स्वायत्त प्राधिकरण हवे, असा निर्वाळा दिला होता. २००१ साली दूरसंचार आणि प्रसारण यांना एका छत्राखाली आणणारे अभिसरण विधेयक लोकसभेत आले. ते संमत झाले नाही. लोकसभा विसर्जित होताच तेही गेले. २००४च्या जानेवारीत प्रसारण व केबल सेवा ‘ट्राय’च्या कक्षेत आल्या, पण आशयाचा प्रश्न बाहेरच राहिला. मलेशियाने मात्र १९९८मध्येच एक कायदा आणि एक आयोग अशी व्यवस्था केली. आपण या बाबतीत मागे पडलो, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता शेजाराकडे वळू. आपल्या वाहिन्या नेपाळ आणि बांगलादेशात आवडीने पाहिल्या जातात. त्यांच्यासोबत आपल्या जाहिरातीही तेथे जात असत आणि स्थानिक जाहिरातदारांचा बाजार आक्रसत असे. म्हणून नेपाळने २०१९च्या कायद्याने जाहिरातविरहित प्रक्षेपणाची, म्हणजे ‘क्लीन फीड’ची अट घातली. बांगलादेशात ऑक्टोबर २०२१मध्ये हीच अट लागू होताच परदेशी वाहिन्या काही काळ पडद्यावरून नाहीशा झाल्या. आपल्याकडील कित्येकांना हा भारतद्वेष वाटला. मला तसे वाटत नाही. आपल्या घरातील दिवाणखाना परकीय कंपन्यांच्या जाहिरातींनी भरू नये, असे आपण म्हणतो, तेव्हा तो स्वदेशीचा विचार ठरतो. शेजारी तेच म्हणाला, तर तो द्वेष कसा?

हे प्रश्न मांडायला जागा कोणती? ‘सार्क’ची शिखर परिषद २०१४च्या काठमांडूनंतर झालेली नाही. २०१६मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर इस्लामाबादची परिषद रद्द झाली आणि त्याच वर्षी पाकिस्तानने भारतीय कार्यक्रमांवर सरसकट बंदी घातली. दूरसंचार नियामकांची दक्षिण आशियाई परिषद १९९७पासून आहे, इराणसह नऊ देश तिचे सदस्य आहेत. तेथे लहरींचे वाटप, सेवेची गुणवत्ता यांवर गंभीर चर्चा होते. परंतु शिफारशी बंधनकारक नसतात.

युरोपचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९८९च्या निर्देशाने तेथे ठरले की वाहिनी ज्या देशात स्थापन झाली त्या देशाचे नियम तिला लागू, इतरांनी तिचे प्रक्षेपण सहसा अडवू नये. २०१८मध्ये चित्रफिती प्रसृत करणारी संकेतस्थळेही त्या चौकटीत आली. पण तेथे सामायिक न्यायालय आहे, आपल्याकडे नाही. भारताच्या आकारापुढे शेजाऱ्यांना वाटणारा धाकही तेथे नाही. ती चौकट जशीच्या तशी उचलता येणार नाही.

आपल्या अनुभवातील उदाहरणे अधिक उपयोगाची आहेत. मार्च २०१६मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या सागरी केबलवरून त्रिपुरेला १० गिगाबिट आंतरजाल क्षमता मिळू लागली आणि त्रिपुरेची वीज बांगलादेशाकडे गेली. ५ मे २०१७ रोजी दक्षिण आशिया उपग्रह अवकाशात झेपावला. पाकिस्तान त्यातून बाहेर राहिला, म्हणून काम अडले नाही. जे येतील त्यांच्यासह, आणि दोन्ही बाजूंना काही मिळेल असे, ही रीत येथे यशस्वी झाली.

तीच येथे लावावी. भारत, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि अनुकूलता असेल तेव्हा बांगलादेश यांच्या दूरसंचार व प्रसारण नियामकांनी एकत्र बसावे. आरंभी विषय तीनच असावेत: क्लीन फीडचे समान वेळापत्रक, सीमाभागातील लहरींचा अडथळा, आणि समाजमाध्यम कंपन्यांसाठी नोंदणीची एकच सामायिक अट. आशयावर काय चालावे, काय नको, हा विषय पहिल्या दिवशी घेऊ नये. त्यावर आपल्याच तीन दरवाजांत एकमत नाही. पण भारताची प्रचंड ग्राहकसंख्या मागे उभी असताना तीच अट काठमांडूने घातली, तर कंपनीला तिचे पत्र टोपलीत टाकणे अवघड जाईल. या बैठकीचे पहिले यजमानपद दिल्लीने घेऊ नये, थिंफूला द्यावे, असे माझे मत आहे.