चिठ्ठी परत भांड्यात टाकली की काय होतं?

आज फजितीची गोष्ट. माझीच.

आमच्या सोसायटीत 48 फ्लॅट आणि 48 पार्किंग. गेटजवळची जागा सगळ्यांना हवी, खांबाजवळची कुणालाच नको. आजवर चिठ्ठ्या काढायचे. यंदा मीटिंगमध्ये मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "काका, चिठ्ठ्या कशाला? पायथनमध्ये पाच मिनिटांचं काम आहे." प्रोजेक्टर लावला, प्रोग्राम रन केला. सातव्या फ्लॅटला 17 नंबर आला. अकराव्यालाही 17! सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे, गाड्या एकावर एक ठेवायच्या का?" आणि मागून कुणीतरी बोललं, "सेटिंग आहे." ते मात्र लागलं.

चूक साधी होती. प्रत्येक फ्लॅटसाठी मी रँडम डॉट रँडइंट वापरलं, 1 ते 48. आधी कुठला नंबर दिलाय हे ते बघतच नाही. म्हणजे चिठ्ठी काढली, वाचली आणि परत भांड्यात टाकली. अशाने नवव्या फ्लॅटपर्यंतच एखादा नंबर रिपीट व्हायची शक्यता निम्म्याच्या वर जाते. मला वाटलं होतं, 48 नंबर आहेत, कशाला रिपीट होतील!

मग बरेच जण काय करतात, आलेले नंबर सेटमध्ये ठेवतात आणि तोच आला की पुन्हा काढतात. चालतं. पण शेवटच्या फ्लॅटसाठी एकच नंबर उरतो, तो सापडायला सरासरी 48 प्रयत्न लागतात. आणि चुकून यादीत 49 फ्लॅट आले तर? लूप थांबतच नाही.

खरं उत्तर एका ओळीचं आहे: रँडम डॉट सॅम्पल. त्याला रेंज द्या 1 ते 49 (पायथन शेवटचा आकडा घेत नाही, हे विसरू नका) आणि सांगा, 48 हवेत. जास्त मागितले तर सरळ एरर देतं. सगळेच नंबर हवे असतील तर लिस्ट करून रँडम डॉट शफल केलं तरी तेच. शफलच्या आतली पद्धत फिशर आणि येट्स यांची, 1938 सालची, तेव्हा कागद-पेन्सिलची. 48 मधला कुठलाही एक उचला, शेवटच्या जागेवरच्याशी अदलाबदल करा, ती जागा संपली. आता उरलेल्या 47 मध्ये तेच.

जावास्क्रिप्टवाल्यांनो, सॉर्टमध्ये मॅथ डॉट रँडम घालून शफल करू नका. रिपीट होत नाही, पण वाटप समान नसतं. 2010 मध्ये युरोपातल्या ब्राउझर निवडायच्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्टचीच अशी चूक उघडी पडली होती.

राहिलं 'सेटिंग'. पुढच्या रविवारी सहा जणांकडून एकेक आकडा मागितला, फळ्यावर लिहिला, तोच सीड. तोच सीड आणि तीच स्क्रिप्ट असली की उत्तरही तेच येतं. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईने स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलं, यादी जुळली.

मला खांबाजवळची जागा आली.