कावीची भिंत आणि मुलांचा हात



उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग ठिकठिकाणी भरतात. तेथे बहुधा छापील नमुन्यांची नक्कल होते. गोमंतकातील मुलांना याहून थोर गुरू घराजवळच लाभला आहे. तो म्हणजे देवालयाची कावी कोरलेली भिंत.

चुन्याच्या शुभ्र गिलाव्यावर तांबड्या कावेचा पातळ थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार लोखंडी हत्याराने कोरावयाचा, म्हणजे खालचा पांढरा चुना आकृतिरूपाने उमटतो. मोरजीच्या श्रीमोरजाई देवालयात ही कला पाहावयास मिळते. येथे खोडरबर चालत नाही. थर सुकण्यापूर्वीच हात अचूक फिरला पाहिजे. जपास लागणारी एकाग्रता ती हीच.

वर्गात मुलांकडून प्रथम कंपासाने कागदावर कमळ काढवून घ्यावे, मग लहान फळीवर कोरवून घ्यावे. चुना त्वचेस भाजतो. तो वडीलधाऱ्यांनीच कालवावा.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा कित्येक भिंती तैलरंगाखाली गेल्या. आजची मुले हीच उद्याचे महाजन होत. ज्याने बालपणी एक कमळ स्वहस्ते कोरले, तो त्या भिंतीवर कुंचला फिरविण्याची अनुज्ञा सहजासहजी देणार नाही.