संबळ एकच हवे



तुळजापुरात रात्री गोंधळ उभा राहतो तेव्हा तुणतुणे, झांज, झील धरणारे, सगळ्यांचे कान एका संबळाकडे असतात. समजा, तीन संबळे आणली आणि मध्ये भिंती घातल्या. तिघांनी पहिला ठोका एकदम दिला, तरी तासाभराने तिघांची लय तीन ठिकाणी असेल. हात कितीही सराईत असोत.

डिजिटल यंत्रांचे नेमके हेच होते. हल्ली कीर्तन, गोंधळ, नवरात्राचे कार्यक्रम कॅमेऱ्यात टिपणारी तरुण मंडळी पुष्कळ. कॅमेरा वेगळा, आवाजाचा रेकॉर्डर वेगळा. रेकॉर्डर सेकंदाला 48,000 नमुने घेतो, कॅमेरा 25 फ्रेम. एका फ्रेमला 1,920 नमुने, हिशेब चोख बसतो. पण प्रत्येक यंत्राच्या पोटात स्वतःचा क्वार्ट्‌झचा स्फटिक, म्हणजे स्वतःचे संबळ. दोघांत दहा लाख ठोक्यांमागे वीसच ठोक्यांचा फरक धरा. तासाला 72 मिलिसेकंद होतात, जवळजवळ दोन फ्रेम! आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. म्हणजे आवाज पुढे सरकत असेल, तर पाऊण तासाच्या आतच बुवांचे ओठ आणि अभंग यांची फारकत.

मंडळी म्हणतात, ‘सुरुवातीला टाळी वाजवून जुळवले होते.’ टाळीने आरंभ जुळतो, चाल जुळत नाही. हे पुन्हा सांगायलाच हवे: आरंभ जुळणे वेगळे, चाल जुळणे वेगळे. टाइमकोडचेही तसेच. तो कोणता क्षण आहे ते सांगतो, यंत्राचा वेग धरून ठेवत नाही.

म्हणून स्टुडिओत एक मुख्य घड्याळ नेमतात. आवाजाच्या यंत्रांना त्याचा ठोका वर्ड क्लॉकच्या तारेने जातो, कॅमेऱ्यांना जेनलॉकने. मिक्सर मुख्य असेल तर त्याचे क्लॉक ‘इंटर्नल’, बाकी सर्वांचे ‘एक्स्टर्नल’. दोन यंत्रे डिजिटल केबलने जोडून दोन्ही ‘इंटर्नल’वर ठेवली की मध्येच टक् टक् ऐकू येते आणि दोष बिचाऱ्या केबलला लागतो. तार नवी आणायला धावण्याआधी सेटिंग बघा ना!

संबळाचा ठोका दुसऱ्याने तिसऱ्याकडून, तिसऱ्याने चौथ्याकडून ऐकू नये. तसा क्लॉकचा ठोकाही शक्यतो प्रत्येक यंत्राला थेट मुख्य घड्याळाकडून मिळावा. एकच तार पुढे पुढे नेली असेल, तर तिचे शेवटचे टोक 75 ओहमच्या टर्मिनेटरने बंद करावे. नाहीतर ठोका भिंतीवर आपटल्यासारखा परत फिरतो आणि खरा ठोका कोणता, हे यंत्राला कळेनासे होते.

मोठ्या प्रक्षेपण केंद्रांत आता हीच वेळ नेटवर्कवरून वाटतात. त्यासाठी 2015 मध्ये एसएमपीटीई या संस्थेचे 2059 हे मानक आले. 

साध्या कॅमेऱ्याला जेनलॉकची खाच नसते. असा कॅमेरा वापरणाऱ्यांनी टाळी सुरुवातीला वाजवावी तशी शेवटीही वाजवावी. किती घसरले ते मोजता येते आणि संपादनात आवाज तेवढा ताणता किंवा आखडता येतो. पण ज्यांच्या यंत्रांना जेनलॉकची किंवा वर्ड क्लॉकची सोय आहे, त्यांनी येत्या नवरात्रात तारा जोडण्याआधी, मुख्य घड्याळ कोणते, हे आपसांत ठरवून घ्यावे आणि त्या यंत्रावर तशी चिठ्ठी चिकटवावी.