मीठ कोठे गेले?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



नोकरीच्या आरंभीच्या वर्षांतील माझी एक चूक सांगून विषयास प्रारंभ करतो. तिसरीच्या वर्गात मी पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ टाकले, ढवळले आणि विचारले, "मीठ कोठे गेले?" डोंगराकडील वाडीतून येणारी एक मुलगी उठून म्हणाली, "पाण्यानं खाल्लं, गुरुजी." वर्ग हसला, मीही हसलो. मग 'मीठ पाण्यात विरघळते' हे वाक्य फळ्यावर लिहून मी ते सर्वांकडून पाच वेळा म्हणवून घेतले. परीक्षेत तिने ते बिनचूक लिहिले. परंतु वर्गात त्या वर्षी तिने पुन्हा आपण होऊन उत्तर दिले नाही.

वस्तुतः तिचे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. डोळ्यांस दिसेनासे झाले ते संपले, असे लहान मुलास वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय व्याख्येचा नव्हे, उन्हाचा. तेच पाणी पसरट ताटलीत ओतून उन्हात ठेवावे. दोनतीन दिवसांत पाणी आटून तळाशी पांढरा थर उरतो. तो मुलांस चाखावयास द्यावा. (ताटली व पाणी स्वच्छ असावे, आणि न विचारता दुसरा कोणताही पदार्थ चाखू नये, हेही त्याच वेळी बजवावे.)

'भौतिक बदल' ही संज्ञा वरच्या इयत्तांत येईलच. खालच्या वर्गांत एकच प्रश्न पुरे : पूर्वीचे परत मिळते काय? थंडीत बाटलीत गोठलेले खोबरेल उन्हात ठेवताच पातळ होते. कुंभाराचे कच्चे मडके पाण्यात घातल्यास त्याची पुन्हा माती होते. आव्यात भाजलेले खापर कितीही भिजवले तरी चिखल होत नाही. माती तीच, पाणी तेच. मग मध्ये काय घडले, हे मुलांनाच बोलू द्यावे.

जुन्नरकरांस तर आपल्या गावाचाच दाखला आहे. पेशवेकाळी जुन्नरी कागदाची ख्याती होती. जुना कागद भिजवावा, कुटावा, लगदा पाण्यात कालवून बारीक जाळीवर उचलावा व वाळवावा, की पुन्हा कागद होतो. जुन्या वह्यांच्या पानांवर हा उद्योग वर्गात सहज करता येतो. कागद ओबडधोबड होईल, होऊ द्यावा. नंतर एक पट्टी शिक्षकाने स्वतः जाळून दाखवावी आणि त्या राखेचा कागद करून पाहण्यास मुलांस सांगावे.

आता पश्चिम पट्ट्यातील शाळांविषयी थोडे अधिक बोलतो. तेथील मुले उन्हाळ्यात आईबापांबरोबर हिरडा गोळा करतात. ओला हिरडा वाळून हलका होतो, हे त्यांस आपल्याहून अधिक ठाऊक असते, कारण त्या वजनावर घरात पैसे येतात. हे ज्ञान शाळेच्या दाराशी का थांबावे? ओले हिरडे वर्गात तोलावेत, वाळल्यावर पुन्हा तोलावेत, दोन्ही आकडे भिंतीवर लिहावेत. कमी झालेले वजन कोठे गेले? ताटलीत मीठ उरले होते, पाणी गेले होते. ते आठवून मुले उत्तरापर्यंत पोहोचतात.

एवढ्यावर थांबू नये. वाळलेला बाळहिरडा रात्रभर भिजत घालावा. तो थोडा फुगतो, पण पुन्हा हिरवा होत नाही. म्हणजे एक गोष्ट काही अंशी परत आली, दुसरी आली नाही. "मग हा बदल कोणत्या रकान्यात लिहावा?" असे एका शिक्षकाने मला विचारले होते. माझे उत्तर असे, की रकाना मोडावा. पाणी गेले हा एक बदल, रंग पालटला हा दुसरा. दोन्ही एकाच फळात घडले. जगातील सर्व पदार्थ तक्त्याच्या दोन रकान्यांत बसतात, असे मुलांस भासवू नये. तसेच, आपणांस उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगण्यात कमीपणा नाही.

शाळेत तराजू नसेल तर वाण्याकडून एक दिवसासाठी मागून आणावा. ओल्या हिरड्यांचे वजन मात्र तोडल्या दिवशीच करावे. दुसऱ्या दिवसापर्यंत ते घटलेले असते.